जड पाणी

वाळूजच्या तिसऱ्या पाळीत
माझ्या हाताखाली एक नीलम असतो.
अंगठीतला नाही, शनीचा नाही.
मोहरीहून जरासा मोठा, मधोमध भोक,
भोकातून केस जेमतेम जाईल.
आई म्हणाली, नीलम सगळ्यांना सोसत नाही बाई,
आधी उशाखाली ठेवून बघ.
म्हटलं, हा साठ तास टिकला तरी पुष्कळ.

टेबलावर टायटॅनियमचा पाट.
करडा, दिसायला गरीब.
विमानाच्या पंखाजवळ कुठंतरी त्याचा कंस बसणार.
करवतीला दाद देत नाही,
ज्वाळेनं कापला तर डूख धरतो:
कडेची कातडी ठिसूळ होते
आणि वर्षांनी, वर आभाळात, तडकते.
म्हणून पाणी.

मिनिटाला साडेतीन लिटर,
चार हजार बारचा रेटा,
वाटेत मिसळणारी तांबडी वाळू.
याकूबभाई पटेल हसायचे,
"नाम पानी का, काम रेती का."

इथल्या बोअरचं पाणी जड.
नीलमावर क्षार बसतो, धार फाकते.
म्हणून मशीनला हलकं पाणी,
त्याची वेगळी टाकी, वेगळं कुलूप.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी,
मधल्या दिवसांत तेच बोअर.

मार्चअखेरीला घुगे सर आले.
चाळीसचा वेग पासष्ट केला.
"उद्या गाडी भरायचीय."
वरची कड वस्तऱ्यासारखी आली.
मी खूश.

याकूबभाईंनी तुकडा उलटा केला,
माझं नख धरून खालच्या कडेवर फिरवलं.
नांगराच्या तासांसारखे ओरखडे,
सगळे एकाच बाजूला कललेले.
"डोकं पुढं गेलं पाण्याचं,
पाय मागंच राहिले.
वरून काय बघायलीस?
हल्लू, शिवकन्या. हल्लू."

तुकडा लाल पेटीत गेला.
तिथं भंगारही ग्रॅमवर मोजतात.
रजिस्टरात सही माझी आहे.
घुगे सरांची नाही.

मशीन थांबल्यावर मी टाकीत हात घातला.
एवढं कापून आलेलं पाणी
नुसतं कोमट होतं,
बाळंतिणीच्या न्हाणीतल्यासारखं.

सकाळी कमळापुरात, घरी,
अर्ध्या बादलीत न्हाले.
केसांतून, नखांतून
तळाशी तांबडे कण उतरले.
आईनं वाकून बघितलं,
"कुंकू सांडलं का गं?"
"वाळू आहे."

तिनं ते पाणी फेकलं नाही.
कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं, कडेकडेनं,
माती वाहून जाऊ नये अशा बेतानं.
मी तिचा हात बघत राहिले.

गॅसवर डाळ,
सोडा घालून चार वाजल्यापासून,
अजून दाणा धरून होती.