मेणाची इस्त्री

चिंबईच्या नाक्यावर माझं दुकान, बापापासूनचं.
हेमांगी भांजी पहिल्यांदा आली
तेव्हा खांद्यावर दोन लांब फळ्या.
मला वाटलं, होडीचं काहीतरी.
म्हणाली, दादा, यांना इस्त्री करायची.

हसलो नाही. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.
तिनं खिशातून मेणाची वडी काढली,
तापल्या लोखंडाला टेकवली,
थेंब ओघळू दिले फळीभर,
मग म्हणाली, फिरवत राहा, थांबलात तर जळेल.
एवढं तरी मला शिकवायला नको होतं.

पहाटे ती माउंट मेरीच्या उतारावरून
चाकांच्या बुटांवर खाली यायची,
दुधाच्या रिकाम्या क्रेटांना वळसे घेत,
डावा, उजवा, डावा.
बेकरीचा पोऱ्या सायकल धरून भिंतीला चिकटायचा.
पहिला प्रेक्षक तोच.

आमच्या वाड्यात बर्फ म्हणजे पापलेटाखालचा.
जनाआत्यानं तिला विचारलंच होतं,
तिकडं एवढा बर्फ, मग मासळी कुठं?

कुठल्याशा परदेशी डोंगरावर
ती सत्तेचाळिसावी आली.
नाक्यावर बॅनर लागला,
नगरसेवक तिच्याहून मोठा,
आणि तिच्यामागचा डोंगर
थंड पेयाच्या जाहिरातीतून उचललेला.
ढोल वाजले. रिक्षावाले पैसे घेईनात.
नवसाचा नारळ फोडावा तशा बायका
आपापली पोरं तिच्या मांडीवर ठेवून फोटो काढत.
मग कोणीतरी विचारलं, सत्तेचाळीस, पण किती जणींत?
ती खरं बोलली. साठ.
रात्री बॅनरवरच्या आकड्यावर
पांढरा कागद चिकटवला गेला.

तिच्या डोक्यात दुसराच आकडा होता.
पहिलीच्या मागं अकरा सेकंद.
अकरा सेकंदांत माझी एक कॉलर होते,
बाही अर्धी.
मी घड्याळ लावून पाहिलंय,
तिला सांगितलं नाही.

गुडघा गेला तेव्हा
पेपरात दोन ओळी आल्या, आडनाव चुकवून.
आता ती बंदराच्या कचेरीत आवक-जावक बघते.
जिना उतरताना कठड्याला हात लावते,
आणि नवी पोरं विचारतात
ही बाई एवढी वाकून का चालते, वारा नसताना.

परवा मंगळवारी
दुकान बंद करताना आली.
त्याच फळ्या, कडांना गंज.
औलीच्या एका मुलीला पाठवायच्यात म्हणाली,
पंधरा वर्षांची आहे, पत्र लिहिते, हस्ताक्षर भयंकर.
इस्त्री मला दिली नाही.
स्वतःच फिरवली, टोकापासून शेपटीपर्यंत,
मे महिन्यात, पंखा बंद करून,
घाम हनुवटीवरून मेणात.
मी शेजारी उभा. बोलण्यासारखं काही नव्हतं.
एकदाच थांबली,
आणि मी ओरडलो, जळेल.
तेव्हा हसली.

फळ्या गेल्या पार्सलनं.
वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर
मेणाचा एक थेंब राहिलाय, खिशाच्या वर.
रद्दी ठेवून इस्त्री दाबली की निघतो तो,
दोन मिनिटांचं काम.
शर्ट अजून खुंटीलाच आहे.
ते उद्या येतील न्यायला.