गाभोळी

रबाळ्याच्या शेडमध्ये मी दिवसभर
बेअरिंगच्या रिंगा मोजते.
मायक्रोमीटर फिरवायचा, टक् टक् वाजलं की थांबायचं,
आकडा वहीत.
दोन शतांश इकडे चालतं, तीन चालत नाही.
जे बसत नाही ते लाल ट्रेमध्ये.

म्हणून डॉक्टर सबनीस पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
उजवीकडे एक दिसतंय, अकरा मिलिमीटर,
तेव्हा मला धीरच आला.
ही भाषा मला येते.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच गोळ्या,
जेवणानंतर एक.
तिसरीला कपाळ ठणकतं.
चौथीला मी कढईवर ओरडते,
निरंजनवर नाही, कढईवर,
तरी ओट्याजवळून तोच मुकाट बाहेर जातो.

कोपरखैरण्याच्या दवाखान्यात सकाळी सातला
आम्ही आठ-नऊ जणी, चपला दाराबाहेर.
कुणी कुणाशी बोलत नाही.
आतून बाई बाहेर आली की सगळ्या तिच्या तोंडाकडे बघतात
आणि तिचा आकडा वाचतात.

मागच्या खेपेला माझं बारावरच अडलं.
"हा महिना सोडून देऊ," डॉक्टर म्हणाल्या,
स्टेशन हुकल्यासारखं, सहज.
त्या दिवशी कामावर मी
लाल ट्रेकडे पाठ करून बसले.

या खेपेला नवव्या दिवशी अकरा.
अकराव्या दिवशी साडेचौदा.
तेराव्या दिवशी एकोणीस.
"अठराच्या वर गेलं! आज रात्री साडेदहाला इंजेक्शन.
तोवर फ्रीजमध्ये. वेळ चुकवू नका."

घणसोलीत पाचला लाइट गेली.
ट्रान्सफॉर्मर उडालाय, कुणी म्हणालं रात्रीपर्यंत, कुणी म्हणालं उद्या.
सातला फ्रीजचं दार घामेजलं.
मी डबी घेऊन जिना उतरले,
नाक्यावर मथुराबायकडे.
तिची मासळी सरत आलेली, पण बर्फ होता.

"काय गो बाय, काय हाय यान?"
इंजेक्शन. गार राहायला हवं, पण गोठायला नको.
"कनाचा?"
बायकांचं, मी म्हणाले.
पुढे तिने विचारलं नाही.
डबीला दोन पिशव्या, वर गाठ, खाली गोणपाटाची घडी,
आणि थर्माकोलच्या खोक्यात एका कोपऱ्यात
नीट निजवल्यासारखी ठेवली.

मी तिथेच उभी राहिले, घड्याळ धरून.
एक गिऱ्हाईक आलं. बांगड्यांत गाभोळी आहे का?
मथुराबायने एकेकाच्या पोटावरून अंगठा फिरवला,
दिव्याशिवाय, न बघता.
या भरल्या. या रिकाम्या.
मी वाट बघत होते रिकाम्या कुठे टाकते याची.
तिने कुठेच टाकल्या नाहीत.
सगळ्या एकाच वाट्यात घातल्या,
भाव एकच सांगितला.

रात्री मोबाइलच्या उजेडात मी औषधाचा कागद वाचला.
बारीक अक्षरात होतं,
हे गरोदर बायकांच्या लघवीतून काढतात.
निरंजनला मोठ्याने वाचून दाखवलं.
त्याला हसू आलं, मग आलं नाही.
कोण असतील त्या?
कुठल्या गावी, कितव्या महिन्यात,
आणि मोरीतून उठून पुन्हा कामाला लागताना
त्यांना कुठे ठाऊक असेल
की घणसोलीत एकीकडे काहीतरी पोचणार आहे!

साडेदहा.
त्याचा हात थरथरत होता, म्हणून सुई मीच धरली.
बेंबीच्या डावीकडे, दोन बोटं सोडून.
पिशवीचा वास हाताला लागलेला,
कापसालाही बांगड्याचा वास आला.

दहा चाळीसला लाइट आली.
फ्रीज घुरघुरला, आत काही नसताना.
मी खिडकीतून वाकून पाहिलं,
मथुराबाय खोकं उलटं करून
उरलेला बर्फ
गटारावर ओतत होती.