तिरपा खिळा

खणभागातल्या प्रेसमध्ये खिळ्यांच्या चौदा केसी होत्या,
जाड, बारीक, मथळ्याचे.
तिरपा एकही नव्हता.
आपली अक्षरं वरून टांगलेली, बाबालाल मुजावर म्हणायचे,
दोरीवरच्या धुण्यासारखी.
तिरपी केली तर वाटतं, वारं सुटलं.

मी तेव्हा प्रुफं वाचायचे.
तासगावच्या हेरवाडेबाईंची वही आली,
एकशे बारा पानं, निळी शाई,
आणि एकाच शब्दाखाली रेघ:
बरं.
नवऱ्याचा शब्द. माहेरी जाऊ का, विचारलं तेव्हाचा.

ठळक करूया, मी म्हटलं.
ठळक म्हणजे ओरडणं, बाबालाल म्हणाले,
हा गडी ओरडलेला नाही.
मग अवतरणात?
अवतरणात तर सगळंच घर बोलतंय.

इंग्रजी पुस्तकांत पाहिली होती मी ती कललेली अक्षरं,
बोटींच्या नावांना, परक्या शब्दांना,
मनातल्या मनात बोलण्याला.
आपल्याकडे मनातलं मनातच राहतं,
त्याला वेगळा टाइप कोण ओतणार?

बाबालालनी केसीवर रुमाल टाकला,
खाली दोन बोटं हलवली, हळदीच्या सौद्यात हलवतात तशी.
रेघ म्हणजे एवढंच. भाव ज्याचा त्याला कळावा,
बाजाराला नाही.
मग विडीच्या बंडलाचा कागद घडी करून
ब-च्या बुडाशी सरकवला,
र-ला त्याच्या निम्मा.

छापून आलं.
ओळभर सरळ चालत आलेली शिरोरेषा
तिथं खांदा पाडते,
पायरी चुकल्यासारखी.
मालक म्हणाले, खिळा हललाय, पुढच्या फॉर्मात बघा.
बाईंनी ते पान उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला,
पुष्कळ वेळ बघितलं.
पैसे मोजून दिले. पावती मागितली.

आता राजवाडा चौकात माझी भाची
एक बटण दाबते आणि सगळं कलतं,
लग्नपत्रिका, क्लासची जाहिरात, दशक्रियेचं निमंत्रण.
उभं कुणी उरतच नाही,
मग कशाच्या मानानं कललं म्हणायचं?

परवा वाचनालयात ते पुस्तक सापडलं.
पान एकोणसाठ.
कुणीतरी, फूटपट्टी लावून,
बरं-च्या डोक्यावर पेन्सिलीनं
सरळ रेघ मारून दिलीय.

काउंटरवरच्या मुलाला विचारलं, खोडरबर आहे का?
मोबाइलमधून मान न काढता
नाही म्हणाला.
मी म्हटलं, बरं.