गंज धरायच्या आत

बर्फाच्या पावतीमागं यादी लिहिलीय:
प्रोसेसर, मदरबोर्ड, सोळा जीबी रॅम,
ग्राफिक्स कार्ड. त्याची किंमत पेन्सिलनं,
कारण सुरमईसारखा त्याचाही भाव रोज वेगळा.
पावतीच्या पुढल्या बाजूला
'गजबाप्रसाद' ट्रॉलर, चाळीस लाद्या, उधार.

आनंदवाडी बंदरात, बर्फाच्या फॅक्टरीत
तीन वर्षं दुसऱ्यांच्या उधाऱ्या मांडून
माझे पंच्याऐंशी हजार जमलेत.

कोल्हापुरात तयार मशीन पाहिलं.
काचेच्या पोटात जांभळे दिवे,
पाण्याच्या नळ्या, तीन वर्षांची वॉरंटी.
दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, भावासाठी का?"
मी विचारलं, पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा.
तो म्हणाला, "चांगला आहे."
गगनबावड्याचा घाट उतरताना
एसटीच्या खिडकीत हिशेब करत राहिले:
बिघडलं, तर हेच खोकं मांडीवर घेऊन
हाच घाट पुन्हा चढायचा.

मुबीन सोलकर म्हणतो, जोड.
तो ट्रॉलरवरचे फिश फाइंडर दुरुस्त करतो.
त्याच्या टेबलावर बोर्ड उघडे पडलेले,
तांब्यावर हिरवी साय आलेली.
"इथं मशीन व्हायरसनं मरत नाही, चैताली.
खाऱ्या वाऱ्यानं मरतं."
मग बहिणीच्या नेलपॉलिशची बाटली दाखवतो,
तिनं तो सांधे बंद करतो.
"तयार डब्यात तुला हात कोण घालू देईल?"

खरंय. आमच्या घरात
पंखा दोन वर्षं टिकतो, बिजागरी एक,
खिळा एक पावसाळा.
टीव्ही गेल्या दिवाळीत गेला, बातम्या सांगता सांगता.
पण वाऱ्याची मला सवय आहे.
भीती वाटते ती त्या बारीक सोनेरी पिनांची.
बसवताना एक जरी वाकली
तर आठ महिन्यांचा पगार वाकला,
आणि भांडायला समोर काउंटर नाही.

बाबांना विचारलं. ते इंजिनावर असतात,
जूनमध्ये मासेमारी बंद, म्हणून ओटीवर
जाळ्यातली भोकं शोधत बसलेले.
कसला कॉम्प्युटर, कितीचा, काही विचारलं नाही.
"तयार घेतलंस तर बिघडल्यार दुसऱ्याक गाळी घालशीत.
जोडलंस तर सोताक.
खयच्यो सोसतल्यो, ता बघ."

मला नेमकं काय हवंय, ते सांगितलं नाही.
त्या खेळात एक किनारा आहे.
माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिथला समुद्र
निळ्या ताडपत्रीसारखा हलतो,
चार कोपऱ्यांत बांधलेली, आत वारा भरलेली.
चिपळूणचा अद्वैत म्हणतो, त्याच्याकडे
प्रत्येक लाटेत सूर्य फुटतो, दर वेळी वेगळा.
मला तो बघायचाय.
आई म्हणेल, खिडकी उघड की.
खिडकीतला बघतेच. तो खरा आहे,
रोज आमच्या बिजागऱ्या खातो.
मला एक असा हवाय
जो नुसता दिसेल.

परवा कॅबिनेट आली, फक्त कॅबिनेट.
सगळ्यात स्वस्त वस्तू आधी मागवली,
म्हणजे मागं फिरायला वाट राहते.
स्टँडवरून रिक्षानं आणली, मांडीवर.
आता टेबलावर रिकामी उभी आहे,
मांजर आत शिरून बसलंय
आणि काचेतून आमच्याकडं बघतंय,
आम्हीच विकायला ठेवल्यासारखं.

संध्याकाळी बाबांनी चष्मा लावला,
मांजराला उचलून बाहेर ठेवलं,
मागचे स्क्रू एकेक बोटानं चाचपले.
उठून गेले. मला वाटलं, आवडलं नाही.
परत आले ते ग्रीसची डबी घेऊन.
"आताच लाव. मगे गंज धरतलो."

मी नेलपॉलिश शोधायला आत गेले.
घरात एकच बाटली निघाली, लाल,
ताईच्या लग्नातली,
अर्धी सुकलेली.