खिळे नाहीत

नॉरिचच्या दफ्तरखान्यात, फोमच्या उशीवर
सॉल्थमच्या चर्चची कीर्द उघडून ठेवली आहे.
शाई आत न्यायची नाही, फक्त पेन्सिल.
अक्षर मोडीसारखं, शेपट्या ओढत जाणारं.
आयुष्यभर मी दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले,
आधी लेस्टरात, मग इथे.
निवृत्त झाले आणि हात रिकामे राहीनात.

लिहिणारा गिल्बर्ट थर्टल. शेतकरी असावा,
बेरीज करताना कडेला काड्या मारतो.
जमा: मेणबत्त्यांची वर्गणी.
खर्च: मेण, घंटेचा दोर,
वटवाघळं हाकलणाऱ्या पोराला बिअर.

सन पंधराशे अठ्ठेचाळीस. राजा दहा वर्षांचा.
"लारवुड सुतार, तुळईवरच्या मूर्ती उतरवल्या,
दोन दिवस, बारा पेनी."
खाली लगेच जमेला:
"त्याच लारवुडला जुनं लाकूड विकलं, चार पेनी."
जळणाला इतका भाव कोण देतं?
पुढे चुना, तीन पोती.
भिंतीवरचा नरक पांढरा झाला,
स्वर्गही, त्याच कुंचल्याने.

मग एक उन्हाळा. पानं कोरी.
गायरानाला कुंपणं पडली होती, आत मेंढ्या,
आणि बाहेरची पोरं कुऱ्हाडी घेऊन
शहराजवळच्या टेकडीवर जाऊन बसली होती.
थर्टल यातलं अक्षर लिहीत नाही.
ऑगस्टच्या शेवटी एकच ओळ:
"मोठी घंटा वाजवली, लारवुडच्या राल्फसाठी.
फी घेतली नाही."

दोन वर्षांनी पेटीत सत्तावीस शिलिंग.
नाण्यावर मेलेल्या राजाचं तोंड,
नाकाच्या शेंड्यावर चांदी झिजून तांबं दिसू लागलेलं.
जुलैत दवंडी: बारा पेनीचं नाणं आजपासून नऊला.
ऑगस्टात दुसरी: सहाला.
थर्टल लिहितो, बाकी सत्तावीस. खोडतो.
वीस शिलिंग तीन पेनी. खोडतो.
तेरा शिलिंग सहा पेनी.
कुलूप जसंच्या तसं, चोर आला नाही,
आणि निम्मी पेटी गेली.
माझे वडील सांगली पेठेत पेढीवर बसायचे,
दिवेलागणीला एक पैसा जुळला नाही
तर घरी जेवण थांबायचं.
थर्टलच्या घरी त्या रात्री काय झालं असेल?

चौपन्नला राणीचा काळ, हुकूम उलटा.
"मूर्ती पुन्हा बसवल्या, लारवुड, तीन दिवस,
दोन शिलिंग." (मजुरीही वाढली, पावही.)
"मूर्तींची किंमत: काही नाही."
"लाकडी खुंट्या, दीड पेनी."
"खिळे: नाहीत."
इथे माझी पेन्सिल थांबली.
हिशेबनिसाला केलेल्या खर्चाआधी
न केलेला खर्च दिसतो.
इतक्या उंचावर, इतकं वजन,
आणि सुताराने एक खिळा मारला नाही.
खुंटी हातोडीच्या दोन टोल्यांत निघते.
त्याने राण्या मोजल्या होत्या की राजे,
की नुसतं आपलं वय?

साठ साली दुसरी राणी.
"मूर्ती उतरवल्या, लारवुड, अर्धा दिवस."
सकाळीच काम संपलं असणार.
वरून आलेल्या साहेबांसमोर हिरवळीवर जाळल्या,
यादी त्यांच्याच कारकुनाने केली,
स्वच्छ, नीटस, थर्टलची काड्यांची सवय नाही:
क्रूसावरचा एक. योहान एक.
मरिया एक, हात नसलेली.

हात कुठे गेले, याला कीर्दीत रकाना नाही.
मी तरी शोधला. जमेत, खर्चात, मागच्या कोऱ्या पानावर.
लारवुड त्याच हिवाळ्यात वारला,
पेटीसाठी लाकूड त्याचं स्वतःचंच होतं
असं थर्टल लिहितो, कारण नसताना.

पाच वाजले. काउंटरवरची बाई दिवे मालवू लागली.
शेवटी पाहिलेली नोंद:
"घंटेचा दोर, नवा, तीन पेनी."
हा खर्च दर राजवटीत आहे.
दोर झिजतो.
मी पेन्सिलीने बेरीज पुन्हा केली,
पेनीचा फरक येतो,
आणि तो मी दाखवलेला नाही.