पाण्याची खूण

शोकसभेत माइक गेला.
आधी घूं घूं, मग अध्यक्षांचे ओठ नुसतेच हलत राहिले,
आणि दांडिया बाजारच्या त्या सभागृहात
साठ-सत्तर माना सवयीनं मागे वळल्या,
तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे,
जिथून भालूकाका टिपणीस
खिशातला टेस्टर चाचपत उठायचे.

खुर्चीवर कुणीतरी छत्री ठेवली होती.

तोवर बोलून झालं होतं बरंच:
कर्तव्यदक्ष. निगर्वी. ज्ञातीचे भूषण.
एकानंही सांगितलं नाही
की पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाल्या वर्षी हा माणूस
जुन्या राजदूतवर एकटा स्पितीला गेला,
खिंडीच्या अलीकडे ॲक्सिलरेटरची तार तुटली
तेव्हा पायजम्याची नाडी कार्ब्युरेटरला बांधून
हातानं ओढत ओढत वर चढला.
परतल्यावर काकूंनी एवढंच विचारलं,
"नाडी कुठाय?"

विश्वामित्री गल्लीत शिरली त्या रात्री
मी अकरा वर्षांची, माझ्याकडे बॅटरी धरायचं काम.
ट्रकच्या चार ट्यूबा, त्यांवर काकांच्याच न्हाणीघराचं दार,
दारावर दुधाच्या पिशव्या, इन्सुलिन,
आणि चंपाबेनचा पोपट, पिंजऱ्यासकट, शिव्या देत.
बँकेच्या कोपऱ्यावर समोरून मगर आली.
काकांनी वल्हं आत घेतलं.
"वाट तिची आहे," म्हणाले, "आपण नवीन."
ती गेली. मग आम्ही गेलो.

जगताप मास्तरांपर्यंत मात्र
आम्ही वेळेत पोचलो नाही.

पाणी ओसरलं. लोक भिंती धुऊ लागले,
आणि काका निघाले लेव्हलची नळी, लाल ऑइलपेंट, अर्धा इंची ब्रश घेऊन.
घराघरावर रेघ: इथवर पाणी, अमुक तारीख.
लोक चिडले. विसरायचं सोडून हे काय?
चंपाबेन कंबरेवर हात ठेवून उभ्या,
"भालूभाई, भींत बगाडशो नहीं!"
पण काकांना रेघ लागत होती ती पुढच्या कामाला.
एकेचाळीस घरांचे मीटर
कचेरीत खेटे घालून, परवानगीचा कागद आणून,
वायरमन पांडूला बरोबर घेऊन
रेघेच्या हातभर वर नेले; मजुरी म्हणून चहा,
तोही काही घरी फार गोड.
पुढच्या पुरात एकही मीटर भिजला नाही.
म्हणजे, एक भिजला. काकांचा स्वतःचा.
तो राहूनच गेला होता.

मास्तरांच्या दारावरची रेघ
त्यांनी पेन्सिलीनं काढली होती.
का, ते मी कधी विचारलं नाही.
दर दिवाळीत रंगारी ती पुसून टाकायचा,
दर देवदिवाळीला ती पुन्हा दिसायची,
त्याच उंचीवर, केसभर इकडे नाही की तिकडे.

सभेत चुळबुळ वाढली. कुणी म्हणालं, सेंट्रिंगवाल्याच्या मुलाला बोलवा,
कुणी म्हणालं, असू दे, दोन मिनिटं शांतता पाळू.
मी उठले. विंगेतल्या पडद्यामागे
फ्यूजची पेटी, कडी घट्ट,
आतल्या झाकणावर त्यांचं बारीक, उजवीकडे झुकणारं अक्षर:
मेन बंद केला का?
हात कोरडा आहे का?
मग सावकाश.

मेन बंद केला.
हात कोरडा नव्हता.
ओढणीला पुसला, पुन्हा पुसला,
जरा वेळ नुसतीच उभी राहिले त्या अंधारात,
उंदरांच्या आणि जुन्या पडद्यांच्या वासात.
मग दिव्याच्या वातीसारखी तार वळली,
जशी त्यांनी शिकवली होती, जिभेचं टोक दातात धरून,
आणि खटका वर.

बाहेर खर्र झालं, शिट्टी वाजली,
आणि अध्यक्षांनी
पहिल्यापासून सुरुवात केली.