खरखरीचा कारखाना

डलूथच्या बंदरात खनिजाची जहाजं भोंगा द्यायची
आणि बाबा सोल्डरची सळई हवेतच धरून म्हणायचा,
"ऐक. यात धार आहे."
मला फक्त जहाज ऐकू यायचं.

शाळा त्याने आठवीत सोडलेली.
वीज त्याला विजेनेच शिकवली,
उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरे डाग ठेवून.
दिवसा तो श्रवणयंत्रं दुरुस्त करायचा,
चर्चमधल्या म्हाताऱ्यांची, गोदीतल्या फिटरांची.
कुणाला सून ऐकू यायची नाही,
कुणाला यायची, तर नको असायची.

एका रविवारी मिसेस टॉर्विनेनच्या कानात
पाद्रीबुवांचं प्रवचन करवतीसारखं ओरडायला लागलं.
सोमवारी तिने यंत्र टेबलावर आपटलं.
बाबाने ते स्वतःच्या कानाला लावलं
आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं
ते त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.
तिला त्याने नवं यंत्र दिलं, फुकट.
बिघाड मात्र ठेवून घेतला.

तो बिघाड पुन्हा हवा तेव्हा घडवायला
अकरा महिने लागले.
चांगलं यंत्र बिघडवणं सोपं,
रोज तसंच बिघडवणं कठीण, तो म्हणायचा.
आई रात्रपाळीहून यायची तेव्हा
ओव्हनमध्ये लोखंडी डबे, हिरवा रंग वाळत.
त्या वर्षीच्या पावाला रंगाचा वास होता.
आम्ही खाल्ला. आई बोलली नाही,
भांडी मात्र बोलली.

पहिला डबा आर्वो केस्किलाने घेतला,
शनिवारी बारमध्ये पोल्का वाजवणाऱ्या पोराने.
त्याने बुटाने बटण दाबलं.
पेले थांबले. कुणीतरी शिवी दिली.
मागच्या टेबलावरची एक मुलगी मोठ्याने हसली,
आणि आर्वोने तोच सूर पुन्हा वाजवला,
तिच्याकडे बघत.
एकोणीस डॉलर. दोन हप्त्यांत.

बँकेतल्या माणसाने विचारलं, कंपनीचं नाव?
बाबाने टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, टॉर्विनेन.
"तुमचं आडनाव तर हौकाला आहे."
"हो. पण शोध तिचा."
ती एकदा आली होती आमच्या गॅरेजमध्ये.
तोवर तिला काहीच ऐकू यायचं नाही.
बाबाने स्पीकर चालू केला, तिने त्यावर तळहात ठेवला,
बराच वेळ, ताप बघावा तसा.

मग जुलै.
टेक्ससला पाठवलेल्या चाळीसपैकी एकतीस परत आले.
चिठ्ठ्या मी वाचून दाखवायचे:
घोरतो. गप्प बसतो. गाणं मधेच सोडून जातो.
जर्मेनियमला ऊन सोसत नाही
हे आमच्या गावात कळायला मार्गच नव्हता,
इथे मे महिन्यातही तळ्यावर बर्फ तरंगतो.
त्याने डबे फ्रिजमध्ये ठेवले, हेरिंग माशांशेजारी,
तास मोजले, बाहेर काढले, ऐकले,
आणि ओव्हनचा दिवा लावून पुन्हा ऐकले.
आईने दुसरा फ्रिज घेतला, स्वतःच्या पगारातून.
घेताना फक्त म्हणाली, हा माशांचा.

त्यानंतर प्रत्येक ट्रान्झिस्टर तो कानाने निवडायचा.
पाचात एक पास.
बाकीचे कॉफीच्या डब्यात.
तो डबा माझ्याकडे आहे. हलवला तर तांदळासारखा वाजतो.
आता लोक त्या नापासांनाही मोठी किंमत देऊ म्हणतात.
मी देत नाही. का, ते नीट सांगता येत नाही.

प्रत्येक खोक्यात एक कागद असायचा,
बाबा सांगायचा, मी टाइप करायचे, चौदा वर्षांची:
उन्हात ठेवू नये.
बॅटरी काढून ठेवावी.
बिघडल्यास फेकू नये, आधी एकावे.
"ऐकावे"ची एक मात्रा राहिली
आणि दोन हजार प्रती छापून झाल्या.
बाबाला कुणीतरी दाखवलं.
तो म्हणाला, असू दे, वाचता येतंय.